अंडाशयाचा कर्करोग : आधी 'कोणता' हे विचारायला नको का?

रानजाई:
माझ्या सख्ख्या मावशीला साठीनंतर अंडाशयाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू आहे, आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा खंबीर आहे. तिच्या उपचारांसाठी तिचे डॉक्टर आहेत, तो विषय इथे नको. मला बोलायचंय ते धोका कुणाला आणि तो कमी कसा करायचा यावर.

जिथे वाचावं तिथे कारणांची तीच यादी सापडते. वय, घराण्यातला कर्करोग, मूल न होणं, लठ्ठपणा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं), पाळी गेल्यावर घेतलेली हार्मोन्स, सिगरेट. मावशीला यातलं वय सोडलं तर काहीही लागू नाही. तीन मुलं, तिघांनाही अंगावर पाजलेलं, वजन आटोपशीर. मग मी तिचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नीट वाचला. त्यात लिहिलंय 'हाय ग्रेड सिरस कार्सिनोमा', आणि पुढे असंही की सुरुवात बहुधा बीजनलिकेच्या टोकाशी झाली असावी. म्हणजे अंडाशयात नव्हेच! साधारण त्याच सुमारास मैत्रिणीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या अंडाशयातून गाठ काढली. तिचा रिपोर्ट 'डिसजर्मिनोमा'. दोघींना आजार एकच म्हणायचा, पण वय वेगळं, पेशी वेगळ्या, औषधं वेगळी, आणि पुढे काय होईल याचा अंदाजही वेगळा.

माझं मत आता असं झालंय की 'अंडाशयाचा कर्करोग कशाने होतो' हा प्रश्न अर्धवट आहे. आधी 'कोणता' हे विचारलं नाही, तर उत्तर देणारा आणि ऐकणारा दोघंही चकतात. हे बरोबर आहे का, आणि बरोबर असेल तर आई, मी आणि बहीण यांनी नेमकं काय करावं? माहीतगारांनी कृपया सविस्तर लिहा.

मंजिरी:
मावशींना लवकर बरं वाटो. मी नियमित पॅप स्मिअर करून घेते आणि ती नॉर्मल येते. त्यात हेही कळतं ना?

पाऊलवाट:
मंजिरी, नाही कळत. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते. एचपीव्हीची लसही त्याच कर्करोगापासून वाचवते. अंडाशय आणि बीजनलिका आत खोल असतात, तिथल्या पेशी त्या तपासणीत क्वचितच येतात. ती चाचणी सोडू मात्र नका, तिचं काम वेगळं आहे आणि ते ती चोख करते.

सूक्ष्मदर्शी:
रानजाई, तुमचं मत बरोबर आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे असे रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम. जरा लांबण लागेल.

अंडाशयात तीन घराण्यांच्या पेशी असतात आणि तिन्हींतून गाठी होऊ शकतात. एकाच वाड्यात तीन बिऱ्हाडं असावीत तसं, पत्ता तेवढा सारखा.

पहिलं घराणं वरच्या आवरणाशी संबंधित, एपिथेलियल. अंडाशयाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के यातले. यातही पाच मुख्य प्रकार आहेत. हाय ग्रेड सिरस सर्वांत जास्त, एपिथेलियलपैकी साधारण ७० टक्के, आणि बहुतेकदा पोटात पसरल्यावरच सापडणारा. लो ग्रेड सिरस नावाने त्याचा भाऊ वाटतो, पण तो हळू वाढतो, केमोला फारशी दाद देत नाही आणि त्याची जनुकीय वाटही निराळी. मग एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस. याशिवाय 'बॉर्डरलाइन' गाठी असतात. त्यांत पेशी वाढतात, पण आतल्या थरात घुसत नाहीत. त्यातल्या बहुतेक बायका ऑपरेशननंतर बऱ्या होतात.

दुसरं घराणं बीजपेशींचं, जर्म सेल. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर, इमॅच्युअर टेराटोमा हे यातले. हे मुख्यतः किशोरवयात आणि विशीत दिसतात. यांच्यासाठी रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या द्रव्यांचं प्रमाण बघतात. सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेल्या केमोने यातल्या बहुसंख्य मुली पूर्ण बऱ्या होतात, आणि बऱ्याचदा दुसरं अंडाशय आणि गर्भाशय राखता येतं. तुमच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा.

तिसरं घराणं हार्मोन तयार करणाऱ्या आधारपेशींचं, स्ट्रोमल. यात ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर प्रमुख. तो इस्ट्रोजेन बनवतो, त्यामुळे पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो आणि लहान मुलीला अवेळी पाळी येऊ शकते. सर्टोली-लायडिग गाठ उलट पुरुषी हार्मोन बनवते. आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात.

आणि चौथी गोष्ट, जी या तिन्हींत बसत नाही. दुसरीकडचा कर्करोग अंडाशयात येऊन बसतो. जठरातून आलेल्या अशा गाठींना क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात. १८९६ मध्ये फ्रीडरिश क्रुकेनबर्ग यांनी त्या वर्णिल्या, पण त्यांना त्या अंडाशयाच्याच वाटल्या होत्या. म्हणून दोन्ही बाजूंना म्युसिनस गाठी दिसल्या की आम्ही आधी जठर, आतडं आणि अपेंडिक्सकडे बोट दाखवतो.

बीजनलिकेचं उद्या लिहितो.

उत्तररात्र:
माहिती छान, पण इतके प्रकार सामान्य बाईच्या काय कामाचे? प्रकार कळतो तो गाठ काढून तपासल्यावर. त्याआधी तिने काय करायचं? माझं म्हणणं सरळ आहे. चाळिशीनंतर दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्या. माझ्या बहिणीची गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसली, पहिल्या टप्प्यात निघाली, आज ती ठणठणीत आहे. ती सोनोग्राफी झाली नसती तर?

मंजिरी:
उत्तररात्र यांच्याशी सहमत. लवकर कळणं कधीही चांगलंच.

तटस्थ_वाचक:
उत्तररात्र, तुमची बहीण बरी आहे हे वाचून मनापासून बरं वाटलं. पण तुम्ही सांगताय तो सल्ला फार मोठ्या प्रमाणावर तपासून झालाय आणि निकाल तुमच्या बाजूने लागलेला नाही.

ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून जास्त स्त्रियांवर चाचणी झाली. २००१ ते २००५ मध्ये त्यांची नोंदणी झाली. काहींची दरवर्षी सीए-१२५ (आणि ते वाढत गेलं तर सोनोग्राफी), काहींची दरवर्षी थेट सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये अंतिम निकाल आला. रक्ततपासणीच्या गटात पहिल्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी. तरीही अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कुठल्याच गटात कमी झाले नाहीत.

अमेरिकेतल्या ७८ हजार स्त्रियांच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला, तोही तसाच. तिथे ३,२८५ जणींना खोटा इशारा मिळाला. त्यांतल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं, आणि १६३ जणींना त्यातून गंभीर त्रास झाला. कर्करोग नसताना. ज्या बाईला लक्षणंही नाहीत आणि घराण्यात इतिहासही नाही, तिला दरवर्षी या चाचण्या करायला सांगू नयेत, ही शिफारस यातून आली आहे.

उत्तररात्र:
म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं? आकडे खरे असतील, मला माझी बहीण दिसते. तिचा जीव वाचला हे कुठल्या तक्त्यात बसतं ते सांगा.

सूक्ष्मदर्शी:
उत्तररात्र, बहिणीच्या गाठीचा प्रकार सांगू शकाल का? रिपोर्टवर असेल.

उत्तररात्र:
तिला विचारलं. एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १.

सूक्ष्मदर्शी:
मग तुमचं आणि तटस्थ यांचं, दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच प्रकार विचारला.

एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल, म्युसिनस या गाठी बऱ्याचदा अंडाशयातच मोठ्या होत राहतात, सोनोग्राफीत दिसतात आणि पहिल्या टप्प्यात हाती लागतात. बहिणीचं तेच झालं. हाय ग्रेड सिरसचं गणित वेगळं. नेदरलँड्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी २००१ मध्ये, जनुकीय धोका असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या बीजनलिका बारकाईने तपासल्या आणि त्यात कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतल्या पेशी सापडल्या. पुढे अनेक ठिकाणी तेच दिसलं. नलिकेचं झालरीसारखं टोक अंडाशयावर टेकलेलं असतं. तिथे काही मिलिमीटरचा बदल होतो, पेशी सुटतात आणि अंडाशयावर, पोटाच्या पडद्यावर पसरतात. सोनोग्राफीत दिसावी इतकी गाठ होण्याआधीच हा प्रवास झालेला असू शकतो. चाचण्यांनी मृत्यू का घटले नाहीत, त्याचं मोठं कारण हे. मृत्यूंचा मोठा वाटा याच प्रकाराचा आहे.

सीए-१२५ बद्दलही लिहितो. १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी ते शोधलं. उपचार कितपत लागू पडतोय हे बघायला ते उत्तम. पण पहिल्या टप्प्यात साधारण निम्म्या जणींत ते वाढलेलंच नसतं. आणि एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, पाळीचे दिवस, गरोदरपण, यकृताचे आजार, पोटाचा क्षय या सगळ्यांत ते वाढतं. पोटात पाणी आणि सीए-१२५ शेकड्यांत, म्हणून घर हवालदिल, आणि तपासात क्षय निघाला, अशा केसेस मी स्वतः पाहिल्या आहेत.

गुलबक्षी:
मग निदान लक्षणं तरी सांगा कुणीतरी.

पाऊलवाट:
चार लक्षात ठेवा. पोट फुगणं किंवा घेर वाढणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात किंवा पोटात दुखणं, आणि लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं. ही कुणालाही कधीमधी होतात, म्हणून बायका दुर्लक्ष करतात. बघायचं ते हे, की ही तक्रार वर्षभरातच नव्याने सुरू झाली आहे का आणि महिन्यातले १२ पेक्षा जास्त दिवस असते का. तसं असेल तर नुसतं पित्ताचं औषध घेऊन थांबू नका, ओटीपोटाची तपासणी करून घ्या. इथे सोनोग्राफी हवीच. तटस्थ ज्यावर बोलत होते ती काहीच तक्रार नसलेल्या बाईची गोष्ट. पाळी गेल्यावर झालेला रक्तस्राव तर एकदा झाला तरी दाखवायचा.

ओंजळ:
बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं. मी बीआरसीए-१ वाहक आहे, म्हणजे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकीय दोष माझ्यात आहे. आत्याला अंडाशयाचा, तिच्या मुलीला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा आमची चौकशी सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, आईच्या बाजूला कुणाला? कुणालाच नाही. मग फाइल बंद झाली. वडिलांच्या बाजूचं विचारायला हवं होतं हे नंतर दुसऱ्या जनुक-सल्लागारांकडून कळलं. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. वडील स्वतः बहुतेकदा ठणठणीत असतात, त्यामुळे एक पिढी सगळं शांत दिसतं, आणि पुढच्या पिढीतल्या मुलीला काही सांगायला कुणी उरत नाही.

आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण त्यांच्यावर मला निर्णय घ्यायचा होता. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा कर्करोग होण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास. बीआरसीए-१ असेल तर ८० वर्षांपर्यंत सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ असेल तर सुमारे १७ टक्के. मूल झाल्यावर, चाळिशीच्या आत, मी दोन्ही अंडाशय आणि नलिका काढून घेतल्या. धोका साधारण ८० टक्क्यांनी किंवा जास्तच कमी होतो. शून्य होत नाही, पोटाच्या पडद्याचा कर्करोग क्वचित होऊ शकतो.

याची किंमत काय ते कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. अकाली मेनोपॉज एका रात्रीत येतो. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होण्याची काळजी, हृदयाकडे लक्ष. नवऱ्याशी बोलायला शब्द सापडत नव्हते. पन्नाशीपर्यंत हार्मोन्स घ्यायची की नाही यावर माझ्या डॉक्टरांशी मी भांडले म्हणावं इतकी चर्चा केली आणि शेवटी घेतली. पुन्हा निवड करायची वेळ आली तरी मी हेच करीन, पण पुढच्या बाईला आधी पूर्ण चित्र मिळावं.

मंजिरी:
ओंजळ, लिहिलंत हे फार मोठं केलंत. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये हेच ऑपरेशन करून घेतल्याचं जाहीर केलं तेव्हा मला तो अतिरेक वाटला होता. तिलाही बीआरसीए-१ होतं आणि आई याच आजाराने गेली होती. ४४ टक्के हा आकडा आज पहिल्यांदा समोर आला.

सूक्ष्मदर्शी:
ओंजळ यांनी लिहिलंय त्याला जोड. वय महत्त्वाचं. बीआरसीए-१ मध्ये मूल होऊन गेल्यावर ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ पर्यंत थांबता येतं, कारण त्यात कर्करोग साधारण उशिरा येतो. आणखीही जनुकं आहेत, आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१. लिंच सिंड्रोम हा आणखी एक आनुवंशिक दोष, त्याचं घराणं निराळं. तिथे मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग पुढे असतो, आणि अंडाशयात झाला तर बहुधा एंडोमेट्रिऑइड किंवा क्लिअर सेल. म्हणून घराण्याचा इतिहास सांगताना फक्त स्तन आणि अंडाशय सांगू नका. काका पन्नाशीच्या आत आतड्याच्या कर्करोगाने गेले असतील तर तेही सांगा.

टाकटिक:
विषय थोडा हलका करते. माझी डर्मॉइड सिस्ट काढली तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, आत भरपूर केस होते आणि एक दात. नवरा अजून सगळ्यांना सांगतो की त्या गाठीला त्याच्यापेक्षा जास्त केस होते. खरा प्रश्न असा, ही पण बीजपेशींचीच गाठ ना? मग मला कर्करोगाचा धोका आहे का?

सूक्ष्मदर्शी:
टाकटिक, हो, बीजपेशींचीच, पण परिपक्व आणि साधी. एका बीजपेशीतून त्वचा, केस, दात, चरबी सगळं तयार होऊ शकतं, म्हणून तसं दिसतं. डर्मॉइडमध्ये कर्करोग होणं फार दुर्मिळ, तेही बहुतेक उतारवयात. तुमची काढून तपासली आहे, चिंता सोडा. यजमानांना नमस्कार सांगा.

निवृत्त_शिक्षिका:
माझ्या मुलीला एंडोमेट्रिओसिस आहे, डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट. एका ठिकाणी 'धोका तिप्पट' वाचून ती रात्रभर झोपली नाही. तिला काय सांगू?

तटस्थ_वाचक:
ताई, तिला दोन गोष्टी सांगा.

पहिली. तो 'तिप्पट' सगळ्या प्रकारांना लागू नाही. २०१२ मध्ये १३ अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण झालं त्यात क्लिअर सेल सुमारे तिप्पट, एंडोमेट्रिऑइड आणि लो ग्रेड सिरस सुमारे दुप्पट दिसले, हाय ग्रेड सिरसशी मात्र संबंध दिसला नाही. दुसरी. तिप्पट कशाच्या ते बघायचं. क्लिअर सेल मुळातच विरळ, त्यामुळे एकूण धोका सव्वा टक्क्यावरून दोन टक्क्यांच्या आत-बाहेर जातो. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कधीही हा कर्करोग होत नाही. सिस्टवर लक्ष ठेवायचं. ती झपाट्याने वाढली, किंवा तिच्यात घट्ट भाग आणि रक्तप्रवाह दिसला तर लगेच दाखवायचं.

रानजाई, तुमच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. सिगरेटचंही तसंच. सिगरेटने म्युसिनस वाढतो, बाकी प्रकारांत तशी वाढ दिसत नाही. मेनोपॉजनंतरची हार्मोन्स सिरस आणि एंडोमेट्रिऑइडचा धोका वाढवतात, म्युसिनस आणि क्लिअर सेलचा नाही. तिथेही वाढ केवढी ते बघा. पन्नाशीच्या सुमारास पाच वर्षं घेणाऱ्या दर हजार जणींत साधारण एक जास्तीची केस, असा २०१५ चा अंदाज आहे. सगळ्या प्रकारांची सरासरी काढली की हे सगळं पुसलं जातं.

पाऊलवाट:
निवृत्त_शिक्षिका ताई, मुलगी एंडोमेट्रिओसिससाठी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर त्यांचा इथे फायदाच आहे. २००८ मध्ये २१ देशांतले ४५ अभ्यास एकत्र केले गेले. दर पाच वर्षांच्या वापरामागे धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी, १५ वर्षं घेतल्यास जवळपास निम्मा, आणि गोळ्या बंद केल्यावरही ३० वर्षं त्याचा परिणाम उरतो. म्युसिनसवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही, म्हणजे पुन्हा प्रकाराचाच मुद्दा.

याच्या मागचा एक जुना विचार मला फार आवडतो. १९७१ मध्ये इजिप्तचे डॉ. महमूद फथल्ला यांनी मांडलं की दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो आणि भरून येतो, आणि ही सततची झीज-दुरुस्ती धोका वाढवत असावी. गरोदरपण, अंगावर पाजणं, गोळ्या, तिन्हींत बीज बाहेर पडणं थांबतं आणि तिन्हींत धोका कमी दिसतो. आता बीजनलिकेकडे लक्ष गेलंय, तरी हा विचार मोडलेला नाही, कारण नलिकेचं टोकही दर महिन्याला बीजाबरोबर बाहेर पडणाऱ्या द्रवात भिजतं.

उत्तररात्र:
म्हणजे सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या? गुठळ्यांचा धोका नाही का त्यात?

पाऊलवाट:
आहे. विशेषतः ३५ नंतर सिगरेट ओढणाऱ्या, काही प्रकारची अर्धशिशी असलेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या बाईने घेऊ नयेत. केवळ कर्करोग टाळायला प्रत्येकीने घ्याव्यात असं कुणी सांगत नाही. पण गर्भनिरोधनासाठी किंवा पाळीच्या त्रासासाठी ज्या घेतायत त्यांना 'गोळ्यांनी अंडाशय खराब होतात' असं घाबरवू नका. इथेच मागे एका धाग्यात असं लिहिलेलं वाचलं, वाईट वाटलं.

मंजिरी:
टाल्कम पावडरीचं काय?

तटस्थ_वाचक:
टाल्कबद्दल मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. दुसरीकडे २०२० मध्ये अडीच लाख स्त्रियांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात ठळक संबंध दिसला नाही. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे अंडाशयाचा कर्करोग होतो हे मात्र त्याच संस्थेने निश्चित मानलंय, आणि टाल्कच्या खाणीत अ‍ॅस्बेस्टॉस सापडतं, ही मूळ भीती. जननभागाला पावडर लावण्याची गरज कुणालाच नाही, न लावून काही गमावत नाही. मी घरात तेच सांगितलंय.

ओंजळ:
सूक्ष्मदर्शी, ज्यांना जनुकीय दोष नाही त्यांनी फक्त नलिका काढण्याबद्दल लिहाल का? 'उद्या लिहितो' म्हणाला होतात.

सूक्ष्मदर्शी:
हो, लिहितो.

सुरुवात बहुतेकदा नलिकेत होत असेल, तर अंडाशय आणि त्यातली हार्मोन्स जागेवर ठेवून फक्त नलिका काढाव्यात, हा विचार. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून हे पद्धतशीर सुरू झालं. कुणाचं गर्भाशय काढायचंच आहे किंवा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होणारच आहे, तर त्याच वेळी नलिका बांधण्याऐवजी पूर्ण काढायच्या. २०२२ मध्ये तिथल्या २५,८८९ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली. पाचेक सिरस कर्करोग अपेक्षित होते, एकही झाला नव्हता. या स्त्रिया तुलनेने तरुण आहेत, म्हणून पुढची वर्षं बघावी लागतील. पण दिशा आशादायक आहे, आणि मला मनापासून वाटतं की अशा प्रत्येक ऑपरेशनआधी बाईला हा पर्याय तोंडी सांगितला गेला पाहिजे.

नुसत्या नलिका बांधल्यानेही धोका कमी होतो. एंडोमेट्रिऑइड आणि क्लिअर सेलमध्ये तो जवळपास निम्म्यावर येतो, सिरसमध्ये मात्र ही घट बरीच लहान असते. बीआरसीए वाहकांसाठी फक्त नलिका काढणं पुरेसं आहे का यावर चाचण्या चालू आहेत, आज तरी त्यांच्यासाठी दोन्ही काढणं हाच शिफारस केलेला मार्ग.

बीजपेशींच्या आणि आधारपेशींच्या गाठींवर मात्र गोळ्या, बाळंतपणं, नलिका यातल्या कशाचाच असा उपयोग दाखवता आलेला नाही. तिथे लवकर ओळख आणि योग्य प्रकारचं ऑपरेशन हेच हाती आहे.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय असं वाटतं, तपासून घ्या. मावशीचा प्रकार हाय ग्रेड सिरस, म्हणून तिच्या बाळंतपणांचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही, धोका कमी होतो म्हणजे संपत नाही. तिच्या प्रकारात जनुकीय दोष सापडण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे, म्हणून आधी तिची जनुकचाचणी. आम्ही उगाच सरसकट चाचण्या करायच्या नाहीत. बरोबर?

सूक्ष्मदर्शी:
अगदी बरोबर. या प्रकारच्या दर पाच जणींपैकी साधारण एकीत बीआरसीए दोष सापडतो, आणि म्हणूनच वय किंवा घराण्याचा इतिहास न बघता प्रत्येकीची चाचणी करावी अशी शिफारस आहे. दोष सापडला तर मावशींनाही फायदा, ओलापॅरिबसारख्या पार्प-रोधक (कर्करोगाच्या पेशींची डीएनए-दुरुस्ती रोखणाऱ्या) गोळ्या त्यांना जास्त लागू पडतील. आणि मग घरातल्या बाकीच्यांना नेमका तोच दोष तपासता येतो. आजारी व्यक्तीऐवजी निरोगी व्यक्तीची आधी केली आणि 'काही नाही' आलं, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. मावशींच्या मुलग्यांनाही सांगा. दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के, मग तो मुलगा असो की मुलगी.

उत्तररात्र:
बहिणीच्या डॉक्टरांना लिंचबद्दल विचारायला सांगितलंय. आमच्या मामांना आतड्याचा कर्करोग झाला होता, ते आम्ही आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं.

सूक्ष्मदर्शी:
फार चांगलं केलंत. तिच्या गाठीचा ठोकळा, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, लॅबमध्ये जपलेला असेल, त्याच्यावरच पहिली तपासणी होऊ शकते. नव्याने काही काढावं लागणार नाही.

गुलबक्षी:
शेवटी माझा एक. माझी पिशवी काढली तेव्हा अंडाशय ठेवले होते. सगळे म्हणतात आता काही काळजी नाही. नलिका काढल्या की नाही हे मला माहीतच नाही. कसं कळेल?

पाऊलवाट:
डिस्चार्ज कार्डावर नाही, ऑपरेशन नोट्समध्ये बघा. 'बायलॅटरल साल्पिंजेक्टॉमी' लिहिलं असेल तर दोन्ही नलिका काढल्या आहेत. शिवाय पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात जे जे तपासायला आलं ते सगळं नोंदलेलं असतं, त्यावरून पक्कं कळेल. काढल्या नसतील तरी आता त्यासाठी वेगळं ऑपरेशन करू नका, फक्त वरची चार लक्षणं ध्यानात असू द्या. अंडाशय आहेत म्हणजे थोडा धोका आहे.

गुलबक्षी:
कपाटातली फाइल काढली. गर्भाशय आणि डावी नलिका असं लिहिलंय. उजवीचा कुठेच उल्लेख नाही. सोमवारी डॉक्टरांना फोन करते.